दया, सत्य आणि पंडिता रमाबाई
(द्वितीय वर्ष, कला)

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचे एक पुस्तक आहे. परंपरेने ते शलमोन राजाच्या नावावर सांगितले जाते. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी एक बाप आपल्या मुलाला उपदेश करतो आहे. त्याचा आशय असा की, माणसाने दया आणि सत्य यांची संगत कधी सुटू देऊ नये; दोन्ही गळ्यात बांधावीत आणि काळजाच्या पाटीवर लिहून ठेवावीत.

प्रथमदर्शनी हे वचन शाळेच्या भिंतीवर रंगवण्याजोगे वाटते. वाचावे, मान डोलवावी आणि पुढे जावे. पण थोडा विचार केला की लक्षात येते, ही दोघे एका घरात सुखाने नांदणारी नव्हेत. आमच्या गावाकडे खरे बोलणाऱ्याला फटकळ म्हणतात आणि मन राखणाऱ्याला भला माणूस म्हणतात. सोयरिकीच्या बैठकीत, दुखणाईताच्या खाटेपाशी, उसनवारीच्या व्यवहारात आपण दयेपोटी खोटे बोलतो. आणि खरे बोलायचे झाले की दया बाजूला ठेवून बोलतो. भीड ही भिकेची बहीण अशी म्हण आपल्याकडे आहे, पण व्यवहारात आपण तिला दयेचीच बहीण समजतो. मग एकाच दोऱ्यात ही दोन्ही ओवायची कशी?

मूळ हिब्रू शब्द पाहिले म्हणजे थोडा उजेड पडतो. दयेसाठी तेथे 'हेसेद' हा शब्द आहे. नुसती कणव एवढाच त्याचा अर्थ नाही. ज्याच्याशी आपण बांधले गेलो त्याला शेवटपर्यंत न सोडणारी माया, असा तो अर्थ आहे. सत्यासाठी 'एमेत' हा शब्द आहे. प्रार्थनेच्या शेवटी ख्रिस्ती लोक 'आमेन' म्हणतात, त्याच धातूपासून हाही शब्द आला आहे. आणि त्या धातूचा अर्थ पक्के असणे, टिकणे असा आहे. म्हणजे ज्यावर भार टाकला तरी मोडत नाही ते सत्य. खरे बोलणे त्यात येतेच, पण आपण शब्दाला जागणे म्हणतो तेही येते. असा अर्थ घेतला की हे वचन उपदेश राहत नाही, कसोटी होते. आणि ही कसोटी लावून पाहावी असे एक चरित्र आपल्या महाराष्ट्रात आहे. ते पंडिता रमाबाईंचे. हे वचन तर अक्षरशः त्यांच्या हाताखालून गेलेले आहे. कारण मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी केले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. ते ठिकाण आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून आपल्याही बायकोला शिकवावे असे या तरुणाच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. पुढे वय चाळिशीपलीकडे गेल्यावर नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले (हे आज वाचताना मन चरकते, पण त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही) आणि त्यांनी तिला संस्कृत शिकवले. लोकांनी कल्लोळ केला, तेव्हा शास्त्रीबुवांनी धर्मपंडितांपुढे शास्त्राधार मांडून आपली बाजू सिद्ध केली आणि मग बायको घेऊन सरळ रानात राहायला गेले.

तेथे आश्रमासारखे घर होते. शिष्य येत, यात्रेकरू येत. आलेल्याला जेवू घालायचे हा शास्त्रीबुवांचा नेम. या नेमापायी ते कर्जात बुडाले आणि रमा लहान असतानाच सगळे कुटुंब घरदार सोडून बाहेर पडले. पुढची वर्षे तीर्थयात्रा. देवळात बसून पुराण सांगायचे, लोक वाहतील त्यावर गुजराण करायची. या चालत्या बिऱ्हाडातच आईने मुलीला संस्कृत शिकवले आणि सारे भागवत तिच्या तोंडी बसले. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीने तर पाटी हातात धरली नव्हती. त्यामुळे रस्त्याच्या कडेला बसून आईने मुलीला शिकवल्याची ही हकीकत मला सगळ्या पदव्यांहून मोठी वाटते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी येईना आणि वाहायला कोणाजवळ काही उरेना. या कुटुंबाला अंगमेहनत ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. होते नव्हते ते दागिने, भांडी, कपडे विकून त्यांनी दानधर्म आणि अनुष्ठाने केली. देव प्रसन्न होईल म्हणून वाट पाहिली. मग झाडपाला खाण्याची पाळी आली. वडील गेले. थोड्याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली.

येथे एक प्रसंग आहे. रमाबाईंनी तो पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. आई भुकेने क्षीण झालेली. सोळा वर्षांची रमा भाकरीचा तुकडा मागायला शेजारच्या एका ब्राह्मणबाईच्या दारात गेली. गेली खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, काय ते ओळखले आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. ती भाकरी घेऊन रमा आली. पण खाण्याचे त्राण आईच्या अंगात उरले नव्हते. आई गेली. तिरडी उचलायला चार माणसे हवीत. भाऊ श्रीनिवास होता, मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले, चौथे कोणी मिळेना. तेव्हा रमाच चौथी झाली. उंची कमी, म्हणून तिने खांद्याऐवजी डोक्यावर भार घेतला. स्मशान तीन मैलांवर होते. पुढे थोरली बहीणही गेली.

त्या शेजारणीचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मागणाऱ्याला तोंड उघडावे न लागता तिने दिले, एवढेच आपल्याला कळते. मला वाटते, दयेची ओळख रमाबाईंना ग्रंथात व्हायच्या आधी त्या दारात झाली असावी. आणि सत्याची ओळख दुसऱ्या बाजूने झाली. ज्या अनुष्ठानांवर आईवडिलांनी भार टाकला होता ती त्यांचा भार पेलू शकली नाहीत, असा निर्णय रमाबाईंनी पुढे निष्ठुरपणे दिला. तो सर्वांना पटेल असे नाही. पण आईवडिलांवर त्यांची अपार माया होती, आणि ती तशीच ठेवून त्यांनी हे लिहिले, हे लक्षात घेतले पाहिजे.

भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदे दिली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी विवाह केला. त्यांची जात निराळी, शूद्र मानलेली. विवाह नोंदणीने झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. चोवीस वर्षांच्या आतच ही बाई आईबाप, भावंडे आणि नवरा गमावून, दहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन उभी होती.

पुण्यास आल्यावर रानडे, भांडारकर प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असे सांगितले. १८८३ मध्ये डॉक्टरी शिकायची म्हणून विलायतेस गेल्या. ते शिक्षण मात्र झाले नाही. कानांनी दगा दिला.

इंग्लंडात वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. या जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपला आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तेथे राहत, आणि मठातल्या बायका त्यांची सेवा करीत. रमाबाईंनी असे दृश्य कधी पाहिले नव्हते. आपल्याकडे अशा बाईला शिक्षा सांगितली आहे, प्रायश्चित्त सांगितले आहे. पण तिच्याजवळ जाऊन बसावे असे कोणी सांगितल्याचे त्यांना आठवेना. त्या दयेच्या ओढीने त्या ख्रिस्ती धर्माकडे वळल्या. मधल्या काळात एक भयंकर गोष्ट घडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी, आपल्याला बळेच बाटवतील या धास्तीने, तेथे जीव दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात आकाशपाताळ एक झाले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, तो अपवाद. पण महाराष्ट्राच्या रागात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. ती अशी की, ही बाई तिकडेही कोणाच्या मुठीत गेली नव्हती.

ज्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंना धर्माची दीक्षा मिळवून दिली, मनोरमेला आईच्या मायेने वाढवले, त्यांच्याशीच रमाबाईंचा पत्रांतून वाद चालला. ख्रिस्ताच्या जन्माचा चमत्कार, त्रिमूर्तीचे तत्त्व, चर्चची ठरीव मतपत्रिका यांतले जे पटले नाही ते पटले नाही असे त्यांनी लिहिले. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन मला कळत नाही, ती संस्कृतापेक्षा पवित्रही नाही, तर माझ्या क्रुसावर संस्कृत अक्षरे का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना, हिंदी बाईने इंग्रज तरुणांना शिकवणे बरे दिसणार नाही, असे बिशपांनी सुचवले, तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला. खाणे शाकाहारीच राहिले, वेषही आपलाच.

मीठ खाल्ले त्याच्याशी वाद घालू नये अशी आपली शिकवण. सिस्टर जेराल्डिन यांनाही हे अहंकाराचे वाटले. आणि रमाबाईंच्या स्वभावात ताठा नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु उपकारकर्त्याला न पटलेल्या गोष्टीला होकार देणे, हे त्याला उसने नाणे परत करताना खोटे नाणे देण्यासारखे झाले असते. जेराल्डिन यांच्याशी त्यांचा संबंध तुटला नाही. वाद झाला, पत्रे कडू झाली, आणि तरी पत्रे चालूच राहिली. जेराल्डिन यांनी ती सारी जपून ठेवली म्हणून तर आपल्याला हे कळते!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनला त्यांच्या नावाचे मंडळ स्थापन झाले आणि हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे त्याने कबूल केले. अट एकच, शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. ही अट रमाबाईंना मान्य होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई ही पहिली विधवा विद्यार्थिनी. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

शारदा सदनाची हकीकत हीच या चरित्रातली खरी अवघड जागा आहे. सदनात जातीचे सोवळे पाळण्याची मोकळीक होती, ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक वेगळा होत असे. वर्गात धर्म शिकवला जात नव्हता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात कुजबूज झाली, 'केसरी'तून टीका झाली. दार लावून प्रार्थना करा असे हितचिंतकांनी सुचवले असता रमाबाईंनी ते मानले नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि वीसपंचवीस मुलींना त्यांच्या घरच्यांनी नेले.

कोण चुकले? आमच्या वर्गात याची चर्चा झाली तेव्हा सरळ दोन तट पडले होते. एक बाजू म्हणते, दार उघडे ठेवणे हेच खरेपणाचे. लपवण्यासारखे काही नव्हते, बोलावणे कोणाला नव्हते. दुसरी बाजू म्हणते, केस उतरवून माजघरात डांबलेली मुलगी. तिच्याशी जन्मात प्रथमच कोणी प्रेमाने बोलले. मग त्या प्रेम करणाऱ्याचा देव तिला आपला वाटणारच. दार उघडे म्हणजे जणू आमंत्रणच. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मुलींच्या पालकांनीही विश्वासाने भार टाकला होता, आणि रानडे-भांडारकरांनी त्या पालकांना आपला शब्द दिला होता. त्यांना दुष्ट ठरवून रमाबाई मोठ्या होत नाहीत.

तरीही माझा कौल रमाबाईंकडे जातो. दार लावून घेतले असते तर शाळा भरलेली राहिली असती आणि गावही गप्प बसले असते. पण मुलींना तेव्हा हे शिकायला मिळाले असते की, ज्या बाईने आपल्याला जवळ केले तीसुद्धा आपल्यापासून काही झाकते. जन्मभर ज्यांच्याशी लोक खोटेच बोलत आले (तुझे पूर्वजन्मीचे पाप, तूच नवऱ्याला गिळलेस) त्यांना निदान एक माणूस आरपार दिसणारे हवे होते. बोस्टनच्या मंडळाने आपला पाठिंबा कायम ठेवला. आणि १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली तोवर केडगावला दुसरी संस्था उभी राहिली होती. ती ख्रिस्ती म्हणूनच, उघड पाटी लावून.

केडगाव हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे ठिकाण. तेथे रमाबाईंनी शंभर एकर माळ घेऊन ठेवला होता. फळझाडे लावावीत आणि उत्पन्नावर सदन चालवावे, असा बेत. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात मुली आणि बायका रस्त्यावर मरताहेत अशी बातमी कळताच रमाबाई तिकडे गेल्या. जवळ पैसा नव्हता. पण भूक म्हणजे काय हे ठाऊक होते. सरकारी मदतकेंद्रांत त्यांनी जे पाहिले ते काहीही झाकता न लिहिले. उपाशी तरुण मुलींना हेरून पळवणारे लोक, आणि त्यांना सामील असलेले मुकादम. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून अधिकाऱ्यांनी या मुलींना शहरात ठेवू दिले नाही. मग त्या माळावर तंबू आणि झोपड्या ठोकून त्यांना ठेवले. मुक्ती सदनाचा आरंभ हा असा झाला.

त्याच १८९७ साली पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांचे काय हाल होतात, तेथे तरुण मुली कशा सुरक्षित नाहीत, याविषयी रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन' पत्रात लिहिले. त्याचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत झाला. सरकारने आरोप फेटाळले. रमाबाई अडचणीत होत्या. सरकारची मर्जी गेली तर शेकडो मुलींना घेऊन जायचे कोठे? मुलींवरची दयाच गप्प बसण्याचे उत्तम निमित्त झाली असती. त्यांनी ते निमित्त घेतले नाही. मौजेची गोष्ट अशी की, त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध 'केसरी'ही आग ओकत होता आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. चार वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोघे एका सरकारपुढे एकच गाऱ्हाणे घेऊन उभे होते. पण ते शेजारीशेजारी मात्र कधी आले नाहीत. असो. याच सरकारने पुढे १९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांच्या भाकऱ्या रोज भाजायच्या! विहिरी खणल्या गेल्या. माग आले, तेलाचे घाणे आले, गोठा आला, छापखाना आला. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन उघडले. फुलहॅमला जे पाहिले होते ते सोळा वर्षांनी माळावर उगवले. आंधळ्यांसाठी सोय केली. मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली होती, तिने त्यांना वाचायला शिकवले. यातल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. अन्न दिलेल्या हाताकडून देव घेणे हे कितपत मोकळेपणाचे, हा शारदा सदनातला प्रश्न येथेही उरतोच. फरक एवढा की, येथे कोणाला न सांगितलेले असे काही नव्हते.

आता त्या भाषांतराविषयी. १९०४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षाकडे, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. मिशनऱ्यांनी केलेले मराठी बायबल होते. पण त्याची भाषा जड, आणि दुष्काळातून आलेल्या कुणब्या-माळ्यांच्या पोरींना ती कळेना. म्हणून हा उद्योग. येथे मला त्या क्रुसावरच्या अक्षरांची आठवण होते. इंग्लंडात ज्या बाईने लॅटिनला हटवून संस्कृत मागितले, तिनेच केडगावला संस्कृत शब्द एकेक करून बाजूला काढले आणि जात्यावर बसणारीला समजेल असा शब्द शोधला. संस्कृत ही तिची सारी कमाई होती. 'पंडिता' हे नाव तिला त्या भाषेने दिले होते. पण न कळणाऱ्या भाषेत सांगितलेली दया समोरच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि खरेखोटे तपासायला जिला वाव नाही तिच्यापुढे सत्य सांगितल्याचाही काही उपयोग नाही.

हे काम अठरा वर्षे चालले. खिळे जुळवणे, छापणे, पाने लावणे मुक्तीतल्या बायकाच करीत. गळ्यात बांधण्याविषयीचे ते वचन याच छापखान्यात कधीतरी जुळवले गेले असेल. आपल्याकडे बाईच्या गळ्याला फार अर्थ आहे. तिथे काय आहे यावरून तिची किंमत ठरते, आणि जुळवणी करणाऱ्या या बायकांत अशा कितीतरी असतील की, ज्यांच्या गळ्यातले लोकांनी एक दिवस तोडून काढले होते. काळजाच्या पाटीचे म्हणाल, तर खरी दगडी पाटीही त्यांच्यापैकी अनेकींनी केडगावला आल्यावरच प्रथम पाहिली असेल.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईच्या पश्चात तीच सारे पाहणार होती. रमाबाईंचे कान तर कधीच गेले होते, आता शरीरही थकले होते. त्या पुन्हा भाषांतराच्या कामाला बसल्या. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.